फोटोतला माणूस एडी हाउ नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या १८ मार्चच्या अंकातल्या क्रीडा पानाबद्दल लिहितोय. न्यूकॅसल युनायटेडने वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला, त्याची तीन कॉलमी बातमी आपण दिलीत, त्याबद्दल आधी आभार. आयपीएल तोंडावर आलेली असताना फुटबॉलला तीन कॉलम म्हणजे आम्हा कोल्हापूरकरांना सणच. पण त्या बातमीत एक चूक आहे आणि एक शब्द आहे. चूक लहान आहे, ती आधी सांगतो.

फोटोखाली आपण 'चषकासह प्रशिक्षक एडी होवे' असं छापलंय. फोटोतला माणूस एडी नाही. तो त्याचा सहायक, जेसन टिंडल. आपल्या उपसंपादकांना फार बोल लावत नाही, कारण टिंडल फोटोत बरोब्बर मध्यभागी येण्याबद्दल इंग्लंडभर प्रसिद्ध आहे, तिकडे त्यावर विनोद चालतात. एडी शोधायचा तर फोटोच्या कडेला बघायचं. आणि आडनाव 'होवे' नाही, 'हाउ' आहे. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण सगळेच फसतो, मीही पहिले दोन महिने होवेच म्हणत होतो.

आता शब्द. बातमीच्या शेवटाकडे वाक्य आहे, 'खेळाडू म्हणून सामान्य कारकीर्द असलेल्या होवे यांच्या हाती सौदी पैशाने बळकट झालेला संघ आला.' त्यातल्या 'सामान्य'साठी हे पत्र आहे. लांबणार आहे. कात्री चालवायची तर माझ्या गुडघ्याच्या मजकुरावर चालवा, बाकी राहू द्या.

मी मंगळवार पेठेतला. १९९१ ते ९७ पेठेतल्या एका तालमीकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, म्हणून खेळलो. शाहू स्टेडियमवर उन्हाळी टुर्नामेंट बघितलेल्यांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. लाल मातीत कुस्ती करणाऱ्यांच्या नातवंडांनी त्याच नावाने बॉल लाथाडायला घेतला आणि पेठेतलं सगळं वैर स्टेडियमवर आणून ठेवलं. ९७ च्या एप्रिलमध्ये एका उपांत्य सामन्यात माझ्या डाव्या गुडघ्याची वाटी सरकली. आधी हाडवैद्य, मग डॉक्टर, असा क्रम लावल्यामुळे ती कायमचीच सैल राहिली. तालमीने पुढच्या वर्षी गणपतीत शाल, श्रीफळ आणि स्टीलचा पाच किलोचा डबा देऊन सत्कार केला. डबा अजून आहे, त्यात तांदूळ असतात. माझी फुटबॉलमधली कारकीर्द तिथे संपली.

मग कॉम्प्युटर शिकलो, पुण्यात नोकरी लागली आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने मला दीड वर्षासाठी इंग्लंडला पाठवलं. लंडन, मँचेस्टर असं काही नाही. बोर्नमथ. दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, लांबच लांब वाळू, पेन्शनर लोक, आणि एका बँकेचं मोठं ऑफिस. शनिवारी दुपारी करायला काही नसायचं. मालकीणबाईंनी सांगितलं, किंग्ज पार्कात फुटबॉल असतो, पण संघ काही बरा नाही.

त्यांचं मैदान, डीन कोर्ट, पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, बांधकामाचे पैसे मध्येच संपलेत. २००१ मध्ये त्यांनी मैदान चक्क काटकोनात फिरवून नवं बांधलं, पण पक्के स्टँड तीनच बाजूंना झाले. चौथी बाजू तशीच राहिलेली. शाहू स्टेडियमला बसायला दगडी पायऱ्या का होईना, चारी बाजूंनी आहेत, असा मला उगाच अभिमान वाटला.

गुणतक्त्यात बोर्नमथपुढे उणे सतरा लिहिलेलं होतं. मला छपाईची चूक वाटली. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन बसायचे, त्यांनी समजावलं. क्लब दिवाळखोरीत गेला होता, आणि त्यातून बाहेर पडताना नियमाप्रमाणे ज्यांचं देणं होतं त्यांच्याशी जो करार व्हायला हवा तो झाला नाही, म्हणून हंगामाच्या आधीच सतरा गुण कापलेले. रॉदरहॅमचेही सतरा, लूटनचे तीस. म्हणजे पहिले सहा सामने जिंका, मग शून्याच्या वर या. इंग्लंडच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब. त्यातला खालून दुसरा म्हणजे हा. चौथ्या विभागातून खाली पडला की फुटबॉल लीगच्या बाहेर, आणि १९२३ पासून लीगमध्ये असलेला क्लब बाहेर पडला तर कर्जासकट उरणार नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

हे पोस्टमन आजोबा (नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही) मला एडीबद्दल सांगायचे. तेव्हा एडी युवा संघाचा कोच होता, म्हणजे बाहेरच्या जगाच्या लेखी कुणीच नाही. पण आजोबा त्याच्याबद्दल बोलायचे ते आमच्या पेठेत एखाद्या घरच्या पोराबद्दल बोलतात तसं. अठराव्या वर्षी, १९९५ मध्ये, पहिल्या संघात आला. कधी मधला बचावपटू, कधी राइट बॅक. शांत, बॉल पायात ठेवून खेळणारा. इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघात दोन सामने. १९९७ च्या जानेवारीत क्लब बुडायला आला, तेव्हा गावातल्या विंटर गार्डन्स सभागृहात लोक जमले आणि बादल्या फिरवून पैसे गोळा केले. त्या हंगामात एडी एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच संघात खेळत होता. बादलीत पडणाऱ्या नाण्यांवर आपला पगार आहे, हे ज्याने त्या वयात बघितलं त्याला कुणी व्यवस्थापन शिकवायची गरज नसते, असं आजोबांचं मत. मला ते थोडं भाबडं वाटलं होतं.

२००२ च्या मार्चमध्ये पोर्ट्समथ क्लबने त्याला चार लाख पौंडांना घेतलं. हॅरी रेडनॅप तिथे नुकताच मॅनेजर झाला होता, त्याचा हा पहिला सौदा. वरच्या पायरीवर पाऊल पडलं असं गावाला वाटलं. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात उतरला आणि दहा मिनिटंही झाली नाहीत तोवर तोच गुडघा पुन्हा गेला. दीड वर्ष घरी. संपादक महोदय, हे ऐकताना माझा हात आपोआप माझ्या डाव्या गुडघ्यावर गेला होता, आणि आजोबांनी ते बघून विचारलं, "तुझाही?" त्या दिवसापासून ते माझ्यासाठी चहा आणायला लागले.

पुढची गोष्ट खरी सांगण्यासारखी. २००४ मध्ये पोर्ट्समथने त्याला बोर्नमथकडे उसना दिला. गुडघा कसाबसा धरलेला, पण खेळत होता. उसनवारीची मुदत संपली. कायमचा घ्यायचा तर पोर्ट्समथला थोडे पैसे हवे होते आणि बोर्नमथच्या खिशात दमडी नव्हती. मग समर्थकांनी वर्गणी काढली. 'एडीशेअर' नाव ठेवलं. दोनेक दिवसांत २१,००० पौंड जमले, तेव्हाच्या हिशेबाने सतरा लाखांच्या घरात. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, गुडघा मोडलेला, तिसऱ्या विभागातला बचावपटू. त्याच्यासाठी. आजोबांनी वीस पौंड दिले होते. "बायकोला दहा सांगितले," म्हणाले.

वर्गणी म्हटल्यावर मला ते सगळं एकदम ओळखीचं झालं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही खेळाडू वर्गणीवर उभे राहतात, गणपतीची पावतीबुकं असतात तशी टुर्नामेंटची असतात. मग तालीम म्हणजे काय ते सांगावं लागलं. पैलवानांच्या आखाड्याचा फुटबॉल क्लब असतो हे त्यांना फार आवडलं. पुढचे दोन आठवडे ते आजूबाजूच्या सगळ्यांना मी पैलवान आहे असं सांगत होते.

एडीचा गुडघा त्यानंतर तीन वर्षं टिकला. २००६ च्या डिसेंबरमध्ये त्याला राखीव संघाचा खेळाडू-कोच केलं आणि २००७ मध्ये खेळणं थांबलं. वय २९. क्लबसाठी लीगचे अडीचशेहून जास्त सामने. पुढच्या सप्टेंबरमध्ये मॅनेजर केव्हिन बाँडला काढलं तेव्हा त्याच्याबरोबर एडीच्याही हातात नारळ दिला. नवा मॅनेजर जिमी क्विन आला आणि त्याने त्याला युवा संघासाठी परत बोलावलं. मी हे सगळं तारखांसकट सांगतोय, कारण आपल्या बातमीत या सगळ्याला मिळून 'सामान्य' हा एक शब्द आला आहे.

२००८ च्या शेवटच्या दिवशी क्विनलाही काढलं. नवीन वर्षाच्या सुट्टीत ऑफिसात सगळे म्हणत होते, आता संपलं. कुणी नवा माणूस यायला तयार नाही, पैसे नाहीत, म्हणून तात्पुरता एडी. ३१ वर्षांचा. पहिले दोन्ही सामने बाहेरच्या मैदानांवर, डार्लिंग्टन आणि रॉदरहॅम, दोन्ही हरला. आणि दोन हरल्यावर त्यांनी त्याला कायम केलं! आमच्या तालमीत दोन सामने हरल्यावर कोचच्या घरावर दगड पडतात. (पडले आहेत. कुणाच्या ते लिहीत नाही.)

त्याने आल्या आल्या काय केलं? स्टीव्ह फ्लेचरला परत आणलं. फ्लेचर म्हणजे सहा फुटांहून उंच, आडदांड सेंटर फॉरवर्ड, बोर्नमथसाठी आधी पंधरा वर्षं खेळलेला, आता वय ३६, लीगच्याही बाहेरच्या एका क्लबात. नव्या कोचला स्वतःच्या जुन्या सहकाऱ्याला हुकूम सोडायचा म्हणजे अवघड काम. सहायक म्हणून टिंडल, तोही बोर्नमथचाच जुना खेळाडू, एडीच्याच पिढीचा. थोडक्यात, आमच्या भाषेत सांगायचं तर पेठेतल्याच पोरांनी पेठेचा संघ हातात घेतला. तेच टिंडल परवा आपल्या फोटोत होते, एवढं तरी बरं झालं.

जानेवारी ते एप्रिल मी घरचा एकही सामना चुकवला नाही. खेळ बदलला ते डोळ्यांना दिसत होतं. आधी बॉल आला की लांब मारून मोकळे व्हायचे. आता मागून पास देत यायला लागले, दलदलीसारख्या मैदानावर सुद्धा. चौथ्या विभागात हे करायला छाती लागते, कारण एक पास चुकला की प्रेक्षक आईबहिणीवर येतात. आजोबाही आले होते एकदा. पुढच्या सामन्यात गप्प बसले.

२५ एप्रिल २००९. घरचा शेवटचा सामना, ग्रिम्स्बीविरुद्ध. जिंकलं तर वाचलो. नऊ हजारांच्या आसपास लोक, इतर वेळी यातले निम्मे दिसायचे. मी ऑफिसातून दोन मराठी सहकाऱ्यांना ओढून नेलं होतं. एक ठाण्याचा, एक सोलापूरचा, दोघांनाही ऑफसाइड कळत नव्हता. ग्रिम्स्बीने आधी गोल केला. मध्यंतराला माझ्या मागच्या रांगेत एक चाळिशीतला माणूस रडत होता, अगदी उघड, हातात सॉसेज रोल तसाच. मध्यंतरानंतर लगेच लियाम फीनीने बरोबरी केली. मग ते जे मिनिटामिनिटाने पुढे सरकणं असतं ते. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं. दहाएक मिनिटं राहिली असतील, गोलपुढच्या पेटीत बॉल आला आणि फ्लेचरने मारला. तो जाळ्यात गेलेला मला दिसला नाही, कारण पोस्टमन आजोबा, वय ७१, माझ्या अंगावर पडले होते. ठाण्याचा मित्र ओरडत होता, "ऑफसाइड नाही ना? नाही ना?"

शिट्टी झाल्यावर सगळं गाव मैदानात उतरलं. आजोबा नाही गेले. खुर्चीतच बसून राहिले आणि म्हणाले, "माझे वीस पौंड वसूल झाले." एक सामना अजून बाकी होता, पण क्लब वाचला होता. मी गवतावर उतरलो आणि सवयीने डाव्या बगलेला जाऊन उभा राहिलो. बारा वर्षांनी.

त्यानंतरचं बरंचसं मी इथूनच बघितलं, भारतात परत आल्यावर, रात्री जागून. २००९-१० मध्ये नवे खेळाडू घ्यायला बंदी असताना त्याने तोच संघ वर चढवला. २०११ च्या जानेवारीत बर्नलीला गेला, तिथे काही जमलं नाही, त्याच काळात आई गेली, ऑक्टोबर २०१२ मध्ये बोर्नमथला परत. २०१३ ला पुन्हा बढती, २०१५ ला दुसऱ्या विभागाचं विजेतेपद आणि अकरा हजारांच्या मैदानावर प्रीमियर लीग. सहा वर्षांपूर्वी जिथे माणूस सॉसेज रोल धरून रडत होता तिथे मँचेस्टर सिटी आली. तिसऱ्या विभागात त्याच्याबरोबर असलेले सायमन फ्रान्सिस, स्टीव्ह कुक, मार्क प्यू प्रीमियर लीगमध्येही खेळले. आणि चार्ली डॅनियल्स. लेफ्ट बॅक असल्यामुळे मी हक्काने थांबतो. ऑगस्ट २०१७ मध्ये त्या डॅनियल्सने सिटीविरुद्ध डावीकडून असा काही व्हॉली (हवेतल्या बॉलला फटका) हाणला की मी उठून मुलाला हाका मारल्या. सामना शेवटी सिटीनेच २-१ जिंकला, पण तो भाग मुलाला सांगितला नाही.

आता पैशाचं. आपला मुद्दा खोटा नाही, आणि मी अंधभक्त नाही. बोर्नमथलाही २०११ पासून रशियन मालकाचा पैसा मिळत गेला, आणि दुसऱ्या विभागातल्या खर्चाचे नियम मोडल्याबद्दल क्लबला दंड भरावा लागला. जुने समर्थक हे सांगताना खाली बघतात. न्यूकॅसलचं तर उघडच आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी सरकारच्या निधीने क्लब घेतला, आणि ज्या इसाकने परवा दुसरा गोल केला त्याच्यासाठी सहा कोटी पौंडांच्या आसपास मोजले. त्या पैशामागे काय काय आहे यावर वेगळं पत्र लिहिता येईल, आणि ते आपण छापावं. पण पहिला गोल कुणाचा होता? डॅन बर्नचा. न्यूकॅसलजवळच्या ब्लाइथचा पोरगा, अकराव्या वर्षी याच क्लबने नको म्हणून घरी पाठवलेला, सुपरमार्केटात काम करत करत डार्लिंग्टनकडून खालच्या विभागात सुरुवात केलेला. त्याला बत्तिसाव्या वर्षी वेम्बलीवर कॉर्नरवर डोकं लावायला उभं करणारा माणूस कोण, तर ज्याला स्वतःला लोकांनी वर्गणी काढून परत आणलं तो. खालून आलेल्याची किंमत त्याला दुकानात विचारावी लागत नाही.

शिवाय एडी तिथे पोचला तेव्हा संघ अकरा सामन्यांत एकही न जिंकता एकोणिसावा होता. सौदी पैशाने खेळाडू घ्यायला जानेवारी उजाडायचा होता. आणि बोर्नमथ २०२० मध्ये एका गुणाने खाली घसरल्यावर मधलं वर्षभर हा माणूस काय करत होता? स्पेनमध्ये जाऊन अॅटलेटिको माद्रिदचा कोच सिमिओने याचा सराव बघत होता, रायो व्हायेकानो क्लबात कोच इराओलाकडे बसत होता. पाच वर्षं प्रीमियर लीग केलेला कोच, वही घेऊन दुसऱ्याच्या मैदानाच्या कडेला. (तोच इराओला २०२३ मध्ये बोर्नमथचा मॅनेजर झाला. आजोबा असते तर खूश झाले असते.)

न्यूकॅसलने देशातला मोठा चषक जिंकला तो १९५५ नंतर, हे आपण बरोबर छापलंत. एक राहिलं. इंग्लिश मॅनेजरने इंग्लंडमधला मोठा चषक जिंकल्याला सतरा वर्षं झाली होती. त्याआधीचा शेवटचा २००८ मध्ये, पोर्ट्समथचा. मॅनेजर हॅरी रेडनॅप. तोच, ज्याने एडीचा गुडघा विकत घेतला होता.

आता आपल्या दारातलं. मी चार वर्षांपूर्वी कोल्हापूरला परत आलो, घरून काम करतो आणि सकाळी सहा ते आठ गांधी मैदानावर पंचवीस पोरांना शिकवतो. पावसाळ्यात मैदानाचं तळं होतं तेव्हा सुट्टी. सरावात मांडायचे प्लॅस्टिकचे कोन घ्यायला पैसे नाहीत असं नाही, पण चोरीला जातात, म्हणून आम्ही नारळाच्या करवंट्या पालथ्या मांडतो. त्या करवंट्या मांडणारा आमच्या तालमीचा एक फॉरवर्ड आहे. वय २६. गेल्या हंगामात लिगामेंट गेलं. त्याचाही शाल-श्रीफळ झालं, आता स्टीलचा डबा देत नाहीत, मिक्सर देतात. तो दिवसा रिक्षा चालवतो. त्याच्या खिशात एक छोटी वही असते, त्यात कुणाचा डावा पाय कच्चा, कोण वळताना मान वर करत नाही, हे सगळं मराठीत लिहिलेलं. गेल्या महिन्यात त्याने मला दाखवलं, माझ्या स्वतःच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, 'पास देतो पण देऊन थांबतो.' मला सात वर्षांत हे दिसलं नव्हतं.

त्याला मी कोचच्या परवान्याच्या एका अभ्यासक्रमाला पाठवलं. कुठला ते सांगत नाही. फी आम्ही चौघांनी भरली. तिथे सगळी पत्रकं इंग्रजीत, शिकवणं इंग्रजी-हिंदीत, लेखी परीक्षा इंग्रजीत. मैदानावरच्या भागात त्याला शाबासकी मिळाली आणि लेखीत तो नापास झाला. परत आला तेव्हा म्हणाला, "दादा, त्यांनी विचारलेलं सगळं मला येतंय, पण त्यांनी काय विचारलंय तेच कळंना." मी आता रविवारी त्याला इंग्रजी शिकवतो. तो मला बॅकलाइन शिकवतो. पुन्हा बसणार आहे.

आपल्याकडे एकच मागणं आहे. आमच्या इथल्या टुर्नामेंटच्या अंतिम सामन्याची बातमी आपण आवर्जून देता. परवाचीच काढून बघितली. गोल करणाऱ्यांची नावं आहेत, सामनावीराचं आहे, बक्षीस देणाऱ्या नेत्याचं आहे, त्यांच्याबरोबर उपस्थित असलेल्या अकरा जणांची आहेत (मोजली), निवेदकाचंही आहे. विजेत्या संघाच्या कोचचं नाव नाही. गेल्या तीन वर्षांतल्या माझ्याकडच्या कात्रणांत एकदाही नाही. अकरांतले दोन पाहुणे कमी केलेत तरी जागा होईल. बोर्नमथमध्ये चौथ्या विभागाच्या संघाच्या युवा कोचचं नाव निवृत्त पोस्टमनला माहीत होतं, कारण तिथलं स्थानिक पेपर ते छापत होतं.

आपली १८ तारखेची बातमी आमच्या तालमीच्या फळ्यावर लावलेली आहे. टिंडलच्या डोक्यावर आमच्या फॉरवर्डने पेनने बाण काढून 'हा नव्हे' असं लिहिलंय, त्यामुळे येणारा-जाणारा मग तो कुठला हे विचारतो आणि मला रोज सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. दुरुस्ती छापलीत, योग्य फोटोसह, तर तीही शेजारी लावू. फळ्यावर जागा ठेवली आहे.

आपला,
एक जुना वाचक, त्याहून जुना लेफ्ट बॅक
मंगळवार पेठ, कोल्हापूर
२३ मार्च २०२५